आपट्याचा पाला

आमच्यात पाला आधी माणूस चावायचं, मग मेंढी. नवी जागा आली, ओळखीचं नसलेलं झाड आलं, की कळप लांब उभा करायचा आणि घरातल्या एकानं पुढं जाऊन पान तोंडात घालायचं. गिळायचं नाही. दाढेखाली बारीक करायचं, जिभेवर फिरवायचं आणि जरा थांबायचं. मग थुंकून सांगायचं, हे पोटभर चारा, हे थोडं चारा, ह्याच्याकडं बघूसुद्धा नका. झाड ओळखीचं असलं तरी चावायचंच, कारण कोवळ्या पानाची चव वेगळी आणि जून पानाची वेगळी. लोकांना वाटतं मेंढीला सगळं कळतं. पोट भरलेल्या मेंढीला कळतं. भुकेली मेंढी समोर येईल ते ओढते, तिच्यात आणि भुकेल्या माणसात काही फरक नाही.

हे चावायचं काम माझ्या आत्याचं होतं. माझ्या बापाची थोरली बहीण, राही तिचं नाव. माझे माय-बाप तिला आक्का म्हणायचे. तिला लातूरकडच्या एका गावात दिली होती. मूल झालं नाही, म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि एक दिवस तो हिला आमच्या गावच्या शिवेवर सोडून तसाच परत फिरला. घरात येऊन पाणीसुद्धा प्याला नाही. तेव्हापासून ती आमच्यात. उंच, हाडापेरानं रुंद, आवाज पुरुषासारखा. मेंढ्यांना हाक घालायची तर पलीकडच्या शेतातली माणसं मान वर करायची. मायेचं बोलणं तिला येत नव्हतं. मला जवळ घेतल्याचं आठवत नाही. पण कोकरांना घ्यायची. थंडीत जन्मलेलं अशक्त कोकरू ती मांडीवर घोंगडीत गुंडाळून बसायची, तोंडानं हुं हुं करत, अन् ते उभं राहीपर्यंत उठायची नाही.

मी चौथी पास झाले आणि शाळा संपली. मग तिनं मला चावायला शिकवलं. गोड, कडू, आंबट ह्यांच्याशी तिचं फार देणंघेणं नव्हतं. ती तुरटपणा बघायची. जीभ नुसती खरखरीत झाली तर मेंढीला पोटभर दिलं तरी चालतं. जीभ टाळूला ओढली, तर आधी कडबा खाऊ घालायचा आणि मग घटकाभर पाला. गाल आतून आवळले, थुंकी सुटेनाशी झाली, तर शेळीलासुद्धा नको. "जरा तुरट पोटाला बरं असतंय," ती म्हणायची, "पोटभर तुरट म्हंजी पोट शिवून टाकल्यावाणी." आणि एक पथ्य. चावणाऱ्यानं तोंडात काही ठेवायचं नाही. सुपारी नाही, मिसरी नाही, बाभळीची काडीसुद्धा नाही. दात घासायचे ते राखेनं. बाकीच्या बाया सकाळी मिसरी लावून उकिडव्या बसायच्या, चुळा भरायच्या, गप्पा मारायच्या. आत्या त्यांच्यात कधी बसली नाही. मला ते तेव्हा तिच्या स्वभावामुळं वाटायचं.

ज्या सालाचं मी सांगते त्या साली पाऊस कमी झाला होता आणि आमच्या भोकरकडच्या शिवारात ज्वारीचं धांडंसुद्धा उरलं नव्हतं. दिवाळी झाली आणि आम्ही कळप घेऊन किनवटच्या बाजूला निघालो. बा, माय, आत्या, मी, दोन घोडी, चार कुत्री, साठ-सत्तर काळ्या मेंढ्या. वाटेत धोंडीबाचा कळप सोबत आला. धोंडीबा बाचा लांबचा मावसभाऊ, बोलायला पुढं आणि कामाला मागं. चालताना मेंढ्यांच्या खुरांचा एक आवाज असतो, ज्वारी पाखडल्यासारखा. तो दिवसभर कानात राहतो आणि कळप थांबला की एकदम मोकळं वाटायला लागतं. संध्याकाळी तीन दगड मांडायचे, माय भाकरी थापायची, आत्या वाघर लावायची. वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती उभी करायची दोऱ्यांची जाळी. खायला भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, भाजक्या पिठाच्या येसराची आमटी, आणि मेंढ्या व्यालेल्या असल्या तर दूध. मेंढीचं दूध दाट, त्यात भाकरी कुस्करली की चमचा उभा राहील. अर्थात चमचा आमच्याकडं नव्हता.

किनवटच्या अलीकडं रानाला लागून एका शेतकऱ्यानं नवी जमीन काढायला घेतली होती. त्याच्या वावरात आणि बांधांवर नुसती आपट्याची झाडं. दसऱ्याला ज्याचं पान सोनं म्हणून वाटतात तोच आपटा. त्याला झाडं काढायची होती आणि जमिनीला खत हवं होतं. तो बाला म्हणाला, मेंढ्या महिनाभर माझ्या रानात बसवा, फांद्या तोडा, पाला तुमचा, खत माझं. बाला आभाळ ठेंगणं झालं. असा पाला दारात आलेला त्यानं त्या वर्षी स्वप्नातसुद्धा बघितला नव्हता. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, दूध टिकायला चारा पाहिजे होता.

पण आत्याचं तोंड आलं होतं. वाटेत ताप येऊन गेला आणि त्यानंतर जीभ, ओठ, गाल सगळं सोललेलं. भाकरी पाण्यात बुडवून गिळत होती. ती मला म्हणाली, "गोदे, तू चाव. नीट थांब. घाई करू नको."

आता दुसरी गोष्ट सांगायला पाहिजे. नायगावकडच्या एका घरातून मला मागणी येणार होती. माझं वय तेव्हा तेराच्या आत-बाहेर असेल. तसंच होतं तेव्हा. बरं होतं असं मी म्हणत नाही. माय माझ्या रंगावरून काळजीत होती. तिच्या माहेरी बायका दातवण लावायच्या. हिरडा जाळून, त्यात हिराकस आणि काय काय घालून केलेली काळी पूड. रोज दातांना घासली की दात काळेभोर होतात आणि चेहरा उजळ दिसतो, असं त्या बायकांचं म्हणणं. आजच्या पोरी हसतील, पण त्याच पोरी केसांना लाल रंग लावतात. माय निघतानाच दातवणाची पुडी घेऊन निघाली होती. वाटेत तिनं मला लावायला सुरुवात केली आणि बजावलं की आक्काला कळू देऊ नको, ती तमाशा करील. दात अजून हिरड्यांपाशीच काळे झाले होते. मी पदर तोंडावर धरून बोलायचे. आत्याला वाटलं लग्नाचं नाव निघालं म्हणून पोरगी लाजते. "आत्तापासून एवढी लाजती," ती बाला म्हणाली, "नवऱ्याफुडं काय घोंगडं पांघरून बसंल का?"

त्या दिवशी सकाळीही मी दातवण लावलं होतं. मी आपट्याचं पान चावलं, थांबले. जीभ जराशी खरखरीत वाटली, तेवढंच. खरं म्हणजे ती आठ दिवस तशीच होती, दातवणातल्या तुरट हिरड्यानं बधिर. मी थुंकले आणि म्हणाले, "जरासं तुरट हाय. लई न्हाई." आत्यानं विचारलं, "गाल?" मी म्हटलं काही नाही. मला पथ्य आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण दातवण म्हणजे काही मिसरी नव्हे, असं मी मनाशी म्हटलं. मायनं दिलेलं वाईट कसं असेल, असंही म्हटलं. माणूस स्वतःला पाहिजे ते पटवून घेतो, त्याला शाळा लागत नाही.

मेंढ्यांनी पहिले तीन-चार दिवस आपटा अधाशासारखा खाल्ला. बा कोयत्यानं फांद्या पाडायचा आणि मेंढ्या पडलेल्या फांदीवर तुटून पडायच्या. मग हळूहळू थांबायला लागल्या. फांदी पडली तरी हुंगून उभ्या राहायच्या. लेंड्या बारीक, काळ्या, दगडासारख्या पडायला लागल्या, वर चिकट आव. कुशी आत गेल्या. रवंथ करायचा आवाज कमी झाला. कळपात बसल्यावर हा आवाज सतत असतो, म्हणून तो आहे हे लक्षात येत नाही. नसला की कळतं. मग दूध आटलं. कोकरं आचळाला डोकं मारायची, मेंढी पाय झाडून बाजूला व्हायची. आत्या धोंडीबाच्या शेळीचं दूध मागून आणायची, चिंधीनं कोकरांच्या तोंडात पिळायची. आठ-दहा दिवसांत सात कोकरं गेली. त्यातली पाच तिच्या मांडीवर गेली.

तेच नडलं. धोंडीबाचा कळप रानाच्या कडेनं गवत आणि बोरीचा पाला खात होता, कारण त्याला फांद्या पाडायचा कंटाळा. त्याच्या मेंढ्या धडधाकट. एका दुपारी तो बाजवळ येऊन टेकला, चंची सोडली आणि पान लावता लावता म्हणाला की तुझ्या मेंढ्यांना रोग नाही, तुझ्या वाड्यात वांझ बाई हाय. ती जे कोकरू मांडीवर घेती ते मरतंय, तुला दिसत न्हाई का. त्या काळी आमच्याकडं नजर, भानामती हे शब्द पटकन तोंडात यायचे. आजही येतात, फक्त आवाज खाली घेऊन. बा काडीनं माती उकरत राहिला. पण माय बोलली. ती चुलीपाशीच होती. म्हणाली, "माझ्याबी मनात दोन दिवसांपून हेच हाय." माझ्या मायला मी वाईट म्हणणार नाही. तिची स्वतःची दोन लेकरं पाळण्यात गेली होती, आणि ज्या बाईची लेकरं जातात तिला कुणाचं तरी नाव पाहिजे असतं.

संध्याकाळी बा आत्याला म्हणाला, "आक्का, तू परवा माझ्यासंगं नांदेडपतोर चल. तिथून लातूरची गाडी लावून देतो." एवढंच. कारण सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. लातूरची गाडी म्हणजे नवऱ्याचं घर, जिथं तिच्या सवतीची चार पोरं होती आणि हिला गोठ्यातसुद्धा जागा मिळाली नसती. हे बाला माहीत होतं, मायला माहीत होतं, मलाही. आत्याची वाघर लावून झाली, तिनं हात धुतले, एका लुगड्यात दुसरं लुगडं आणि लोटा बांधला आणि ते बोचकं आमच्या पालाच्या, म्हणजे तंबूच्या, तोंडाशी ठेवलं. म्हणजे सगळ्यांना दिसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बा आणि माय कळपाकडं होते. आत्या माझ्या शेजारी बसून कोयता पुसत होती. पुसता पुसता थांबली. कोयत्याचं पातं काळंशार झालं होतं, शाई ओतल्यासारखं. लोखंडाला तुरट रस लागला की तसं होतं. तिनं ते बोटानं खरवडून बघितलं. तिचं तोंड तोवर पुष्कळ बरं झालं होतं. ती उठली, पडलेल्या फांदीचं एक पान तोंडात घातलं, आणि चावून होतंय न होतंय तोच थुंकली. परत थुंकली. चूळ भरली. मग माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली आणि दुसरं पान माझ्या हातात दिलं. "चाव."

मी चावलं. तिनं विचारलं कसं लागतंय. मी म्हणाले, जरासं तुरट. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या तोंडावरचा पदर बाजूला केला आणि म्हणाली, "आ कर." मी केला. हिरड्यांपासून अर्धे दात काळे. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडं वळवलं, घोड्याचे बघतात तसे दात बघितले आणि सोडून दिलं. मला वाटलं आता मारील. तिचा हात मोठा होता. पण ती परत कोयत्याकडं गेली, पातं मातीनं घासायला लागली आणि पाठमोरी म्हणाली, "मी न्हाई सांगणार. मी सांगितलं तर जायची पाळी आली म्हणून पोरीवर ढकलती म्हंतील. तू बघ."

ती रागावली असती तर सोपं झालं असतं. मी दुपारभर बघितलं. सांगितलं तर मायचं नाव येणार, कोकरांचं पाप माझ्यावर येणार, आणि नायगावच्या घरी कळलं तर मागणी जाणार. नाही सांगितलं तर फक्त आत्या जाणार. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, मी संध्याकाळची भाकरी खाल्ली आणि नाही सांगितलं. मला झोपसुद्धा लागली.

सकाळी बा घोडीवर खोगीर घालत होता. आत्यानं बोचकं डोक्यावर घेतलं आणि माझ्या अंगावरून जाऊन वाघरीपाशी उभी राहिली. आत तीन कोकरं उरली होती उठता न येणारी. तिनं वाकून एकाला लावायला हात पुढं केला आणि मागं घेतला. स्वतःच घेतला. तिलाच वाटायला लागलं होतं की काय, कोण जाणे. ते बघून माझ्या तोंडून निघालं, "बा, आत्यानं काही केलं न्हाई. पाला म्या चुकीचा सांगितला. माझ्या तोंडाला दातवण होतं."

बाला आधी कळलंच नाही. मग आत्यानं बोचकं तसंच डोक्यावर ठेवून, एका हातानं आपट्याची डहाळी ओढली, चार पानं तोडली आणि बाच्या हातात दिली. "चाव." बा म्हणाला मला काय कळतंय त्यातलं. ती म्हणाली, "चाव म्हणते ना." बानं चावलं. त्याचे गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं, थुंकायला गेला तर थुंकी सुटेना. धोंडीबा तिकडून बघत होता. आत्या त्याला म्हणाली, "ये धोंडीबा, तूबी खा. का माझी नजर लागंल?" तो आला नाही. त्याला एकदम त्याच्या मेंढ्यांचं काम आठवलं.

मग माय पुढं आली. मला वाटलं माझ्या मुस्काटात देईल. ती बाला म्हणाली, "पोरीला मारू नका. दातवण म्या दिलतं. आन् लपवाया बी म्याच सांगितलं." एवढं बोलून ती खाली बसली, पदरात तोंड घालून. माझी माय आयुष्यात चूक कबूल करताना मी तेवढी एकदाच पाहिली.

बानं खोगीर उतरवलं. आत्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, बोचकं सोड." आत्यानं बोचकं खाली ठेवलं, पण सोडलं नाही. म्हणाली, "आज न्हाई. मेंढ्या नीट हागल्या की सोडीन. न्हाई तर उद्या अजून एखादं मेलं की परत बांधाया सांगशील." आणि तिचं बरोबर होतं. माझ्या शब्दावर एकदा विश्वास ठेवून बघितलाच होता त्यांनी.

तिनं आपटा बंद केला. शेतकऱ्याकडून कडबा मागून आणला, तो तोडून टाकला. चुलीतली राख पाण्यात कालवून ठेवली, निवळ घेतली आणि उरलेला थोडा पाला तुरटपणा उतरावा म्हणून त्यात भिजवून, धुऊन, मूठ-मूठ दिला. मला वाटलं होतं सगळा फेकून देईल. मी विचारलं काहून ठेवलास. म्हणाली, "सगळंच बंद केलं तर जंत व्हतील. थोडं पाहिजेच. तुझ्यासारखं आडदांड न्हाई चालत, एक तर सगळं न्हाई तर काहीच न्हाई."

आता ह्यात एक आजची गोष्ट सांगून टाकते. परवा लातूरहून एक जनावरांची डॉक्टरीण आमच्या वस्तीवर आली होती. माझ्या नातवाच्या वयाची, जीन्स घातलेली, पण मेंढीचं पोट हातानं नीट दाबून बघणारी. नातू मेंढ्यांना सुबाभूळ आणि शेवरीचा पाला टाकतो, म्हणून ती त्याला समजावत होती. असल्या शेंगवर्गीय झाडांच्या पाल्यात मेंढीच्या अंगाला लागणारं प्रथिन भरपूर असतं, पण कशाकशात टॅनिनही असतं. टॅनिन म्हणजेच तुरटपणा. तो प्रथिनाला धरून ठेवतो. थोडा असला तर ते प्रथिन पहिल्या पोटात वाया न जाता पुढं जाऊन अंगी लागतं, आणि जंतही कमी होतात. जास्त झाला तर मेंढीचं पोट भरलेलं आणि मेंढी उपाशी. दूध आटतं. ती मोबाईलवर चित्रं दाखवत होती. मी तिला विचारलं, हे कळायला तुला किती वर्षं लागली. म्हणाली, आजी, शिक्षण धरून सात-आठ. हुशार पोरगी आहे, आणि तिनं शिकून घेतलं ते चांगलंच. आमच्या आत्याला हे सगळं कळत होतं, फक्त तिचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही, आणि एका धोंडीबाच्या बोलण्यानं ती गाडीत बसणार होती.

तीन दिवस काही फरक पडला नाही. आत्या बोचक्याला उशी करून झोपायची. माय तिला सगळ्यांच्या आधी भाकरी वाढायची, ती सगळ्यांच्या शेवटी खायची. दोघी बोलत नव्हत्या, पण माय पिठाचा हात धुताना आत्यासाठीही पाणी भरून ठेवायची. तीन कोकरांतलं एक आणखी गेलं. तेव्हा बानं आत्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. मी तेवढ्यात पाहिलं ते. म्हणजे मनात अजून होतंच.

चौथ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती रवंथाच्या आवाजानं. साठ तोंडांचा एकदम, ओल्या वाळूवरून चालल्यासारखा. आत्या आधीच वाघरीच्या आत उभी होती. तिनं वाकून मूठभर लेंड्या उचलल्या, बाहेर आली आणि अंथरुणावर बसलेल्या बाच्या तळहातावर ठेवल्या. मऊ, हिरवट, ऊन ऊन. बानं बोटानं एक दाबून बघितली. ती फुटली. तो तसाच हात पुढं धरून बसला, प्रसाद घेतल्यासारखा.

मग ती बोचक्याजवळ बसली. चार दिवस डोक्याखाली दाबून गाठ इतकी आवळली होती की नखांनी सुटेना. ती दातांनी ओढायला लागली. दातही तिचे आता धड नव्हते. मी पुढं झाले आणि गाठीला तोंड लावायला वाकले, तर तिनं माझं डोकं हातानं मागं सारलं.

"तू नको दात लावूस," ती म्हणाली. "लुगडं काळं होईल."